अंडी टिकविण्याची व पारखण्याची जुनी विद्या

बाराही महिने दुकानात अंडी मिळावीत, ही गोष्ट आज आपल्याला इतकी स्वाभाविक वाटते की तिच्यामागे काही इतिहास असेल अशी शंकाही मनात येत नाही. वस्तुतः ही सोय जेमतेम शंभर वर्षांची आहे. त्यापूर्वी अंडे हे आंब्यासारखेच ऋतूचे देणे होते. कोंबडीचे अंडी घालणे दिवसाच्या प्रकाशावर अवलंबून असते. दिवसाकाठी सुमारे चौदा ते सोळा तास उजेड मिळाला म्हणजे ती नियमाने अंडी घालते. दिवस लहान होत गेले की हळूहळू थांबते. विषुववृत्तापासून दूर असलेल्या युरोपात हिवाळ्याचा दिवस फारच लहान. त्यामुळे तेथील शेतकऱ्याच्या खुराड्यात नोव्हेंबर ते जानेवारी जवळजवळ शुकशुकाट असे आणि मार्चपासून मात्र टोपल्या भरून वाहत. विसाव्या शतकात खुराड्यात विजेचे दिवे लागले, तेव्हा कुठे कोंबडीचा हा हिवाळा संपला.

एका ऋतूत विपुलता आणि दुसऱ्यात टंचाई, असे असले की माणसासमोर दोन प्रश्न उभे राहतात. विपुलतेच्या काळातला माल टंचाईच्या काळापर्यंत टिकवावा कसा, हा पहिला. टिकविलेला माल विकत घेताना तो चांगला की नासका हे ओळखावे कसे, हा दुसरा. धान्य मुठीत घेऊन पाहता येते, दूध चाखता येते, मासळीचा कल्ला उघडून पाहता येतो. परंतु अंडे फोडल्यावाचून त्याच्या आत काय आहे हे दिसत नाही आणि फोडले की ते ठेवता येत नाही. म्हणून अंड्याचा व्यवहार हा पुरातन काळापासून विश्वासाचा व्यवहार होऊन बसला. या दोन प्रश्नांची उत्तरे शोधताना पिढ्यान्‌पिढ्यांनी जी विद्या साठविली, तिचा थोडक्यात परामर्श येथे घ्यावयाचा आहे.

अंडे का बिघडते?

प्रथम अंड्याची रचना पाहू. टरफल वरून अखंड दिसले तरी त्याला हजारो सूक्ष्म छिद्रे असतात. साधारणपणे सात हजारांपासून सतरा हजारांपर्यंत. आत वाढणाऱ्या पिलाला श्वास घेता यावा म्हणून निसर्गाने केलेली ही योजना आहे. अंडे बाहेर पडताना त्यावर एक पातळ ओलसर थर असतो. तो लगेच वाळतो आणि छिद्रांची तोंडे बऱ्याच अंशी झाकतो. हा अंड्याचा पहिला पहारेकरी होय. अंडे धुतले की हा पहारेकरी निघून जातो. आतील पांढऱ्या भागातही रक्षणाची व्यवस्था आहे. जंतूंच्या भिंती विरघळविणारा लायसोझाइम नावाचा पदार्थ अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी १९२२ साली शोधून काढला. पुढे पेनिसिलिनमुळे जगप्रसिद्ध झालेले ते हेच फ्लेमिंग. हा पदार्थ अंड्याच्या पांढऱ्यात भरपूर असतो.

एवढा बंदोबस्त असूनही काळ आपले काम करीतच असतो. छिद्रांवाटे पाण्याची वाफ बाहेर जाते, तिची जागा हवा घेते आणि अंड्याच्या रुंद टोकाशी असलेली हवेची पोकळी दिवसेंदिवस मोठी होते. त्याच वाटेने कार्बन डायऑक्साइड वायूही निघून जातो. त्यामुळे पांढरा भाग अधिकाधिक क्षारयुक्त होतो आणि त्याचा घट्टपणा ओसरून तो पातळ होतो. बलकाभोवतीचे पटल सैल पडते. बलक मध्यभाग सोडून वर तरंगतो आणि टरफलाला टेकतो. तेथून जंतूंचा प्रवेश सोपा होतो. अंडी टिकविण्याच्या साऱ्या जुन्या पद्धतींचा उद्देश एकच होता : ही छिद्रे बंद करणे. आणि अंडी पारखण्याच्या साऱ्या पद्धतींचा आधारही एकच होता : हवेची ती पोकळी. हे सूत्र ध्यानात ठेवले म्हणजे पुढचा इतिहास उलगडत जातो.

रोमन शेतकऱ्यांचे अनुभव

इसवी सनापूर्वी ३७ च्या सुमारास, वयाच्या ऐंशीव्या वर्षी, वारो या रोमन विद्वानाने शेतीवर एक ग्रंथ लिहिला. त्यातील कोंबड्यांच्या प्रकरणात अंड्यांच्या परीक्षेची माहिती आहे. अंडे पाण्यात सोडावे. रिकामे असेल ते तरंगते, भरलेले बुडते. उजेडासमोर धरून पाहिले असता जे आरपार दिसते ते पोकळ समजावे. काही लोक अंडे कानाशी हलवून पाहतात, त्यांना मात्र वारो दोष देतो. कारण त्या हलविण्याने आतील जीवनाच्या शिरा विस्कटतात. येथे त्याच्या मनात खुडूक कोंबडीखाली ठेवावयाची अंडी आहेत, हे उघड आहे. दोन हजार वर्षे लोटली तरी आपल्या घरातील आजीबाई तांब्यातल्या पाण्यात अंडे सोडते, ती हीच परीक्षा होय.

वारोनंतर सुमारे शंभर वर्षांनी, मूळचा स्पेनमधील काडिझचा असलेला कोलुमेला याने हाच विषय अधिक तपशिलाने मांडला. हिवाळ्यात अंडी भुशात पुरावीत, उन्हाळ्यात कोंड्यात. काही जण ती आधी सहा तास बारीक मिठात ठेवतात, मग धुऊन भुशात वा कोंड्यात पुरतात. कोणी कडधान्याच्या दाण्यांत ठेवतात, कोणी भरडलेल्या दाण्यांत, कोणी अख्ख्या मिठात, तर कोणी कोमट खाऱ्या पाण्यात. एवढे सांगून हा चाणाक्ष शेतकरी एक इशारा देतो. मीठ अंडे कुजू देत नाही हे खरे, पण ते अंड्यातला ऐवज कमी करते. अंडे भरलेले राहत नाही आणि असे अंडे पाहून गिऱ्हाईक पाठ फिरवते.

हा इशारा मोलाचा आहे. मीठ पाणी ओढून घेते हे रसायनशास्त्र कोलुमेलाला ठाऊक नव्हते, परंतु बाजाराचे शास्त्र पक्के ठाऊक होते. टिकविण्याच्या उपायाने मालाचे रूप बदलते आणि ते रूप गिऱ्हाइकाला कळते, हा अनुभव त्याने नोंदवून ठेवला. पुढील काळात हाच प्रश्न उलट्या बाजूने उभा राहिला, ते आपण पाहणारच आहोत.

चीनमध्ये या विद्येने निराळे वळण घेतले. सहाव्या शतकात ज्या स्सु-शिए याने लिहिलेल्या शेतीविषयक ग्रंथात बदकाची अंडी झाडाच्या सालीच्या काढ्यात मीठ घालून मुरविण्याची कृती आहे. युरोपीय शेतकऱ्याला अंडे ताज्यासारखे राहावे असे वाटत होते. चिनी गृहिणीने तो हट्टच सोडला आणि अंड्याला लोणच्याप्रमाणे नवी चव दिली. पुढे चुना, राख व मीठ यांच्या लेपात महिनोन्‌महिने ठेवून काळसर, पारदर्शक होणारी अंडीही तेथे प्रिय झाली.

उपवासकाळ आणि अंड्यांची रास

मध्ययुगीन युरोपात अंड्यांच्या इतिहासाला एक वेगळेच कारण येऊन मिळाले : ख्रिस्तसभेचा उपवासकाळ. त्या काळी चाळीस दिवसांच्या उपवासात मांसाबरोबरच अंडी, दूध, लोणी व चीज हेही वर्ज्य होते. तेराव्या शतकात संत थॉमस अक्वायनस यांनी आपल्या ‘सुम्मा थिओलोजिका’ या ग्रंथात उपवासाची चर्चा करताना या प्रश्नाचा स्वतंत्र विचार केला आहे. अंडी आणि दूध ही मांस देणाऱ्या प्राण्यांपासूनच येतात, म्हणून उपवासकाळात तीही वर्ज्य, असे त्यांचे प्रतिपादन आहे.

माणसांनी अंडी खाणे थांबविले, पण कोंबड्यांना उपवासकाळ कोण सांगणार? नेमक्या याच दिवसांत, वसंत ऋतूच्या तोंडावर, त्यांचे अंडी घालणे ऐन भरात येई. साधा हिशेब करून पाहा. एखाद्या कुटुंबाला दररोज चार अंडी मिळत असतील, तर राखेच्या बुधवारपासून ईस्टरच्या आदल्या दिवसापर्यंतच्या ४६ दिवसांत १८४ अंडी जमतात. काही खुडूक कोंबड्यांखाली ठेवायची, काही उकडून ठेवायची, उरलेली थंड तळघरात भुशात जपायची. उपवासकाळ सुरू होण्याच्या आदल्या मंगळवारी घरातील अंडी व लोणी संपवून टाकण्यासाठी घावने करण्याची इंग्लंडातील रूढी या बंधनातूनच आली आणि पुनरुत्थानाच्या सणाला रंगविलेल्या अंड्यांची जी रेलचेल होई, तिच्यामागेही ही जमलेली रास होती. नव्या जीवनाचे प्रतीक म्हणून अंड्याचा जो अर्थ आपण लावतो तो सुंदरच आहे. परंतु त्या प्रतीकाच्या मागे तळघरातील टोपली होती, हे विसरू नये. पोप पाचवे पॉल यांच्या काळी, १६१४ साली, प्रसिद्ध झालेल्या रोमन विधिग्रंथात ईस्टरच्या अन्नपदार्थांना आशीर्वाद देण्याच्या प्रार्थना आहेत. त्यांत कोकरू व भाकर यांच्याबरोबर अंड्यांसाठीही स्वतंत्र प्रार्थना आहे.

राजवाड्यातही ही रास पोहोचत असे. इंग्लंडचा राजा पहिला एडवर्ड याच्या १२९० सालच्या खर्चाच्या नोंदीत ईस्टरसाठी ४५० अंड्यांचे १८ पेन्स मांडले आहेत. म्हणजे एका पेनीला पंचवीस अंडी. ही अंडी रंगवून व सोन्याचा वर्ख लावून राजपरिवारात वाटली गेली.

गरिबाच्या घरात मात्र या अंड्यांचा हिशेब वेगळा होता. इंग्लंडातील अनेक जहागिरींत कुळांनी जमीनदाराला नाताळला कोंबड्या व ईस्टरला अंडी द्यावीत असा रिवाज होता. घरातील मुलाबाळांनी चाळीस दिवस अंड्याला हात लावायचा नाही आणि सण आला की त्यातील ठरलेला वाटा वाड्यावर पोहोचवायचा. अंडी टिकविण्याची विद्या ही केवळ स्वयंपाकघरातील हौस नव्हती; कुळाच्या माथी असलेल्या देण्याचा भारही तिच्यावर होता.

पुढे ख्रिस्तसभेने हे बंधन क्रमाक्रमाने सैल केले. १९१७ च्या धर्मसंहितेने मांसवर्ज्याच्या नियमातून अंडी व दुधाचे पदार्थ स्पष्टपणे वगळले आणि १९६६ साली पोप सहावे पॉल यांनी ‘पेनितेमिनी’ या आज्ञापत्रात तेच पुन्हा सांगितले. ईस्टरचे अंडे आजही आपल्या घरी येते, परंतु ज्या उपवासाने त्याची चव वाढविली होती तो उपवास आज कोणाला आठवत नाही.

चुन्याची निवळी आणि वॉटर ग्लास

अठराव्या शतकात या घरगुती विद्येकडे शास्त्रज्ञांचे लक्ष गेले. फ्रान्समधील रेओम्यूर हे तापमापक व कीटकशास्त्र यांसाठी प्रसिद्ध असलेले विद्वान. त्यांनी अंड्यातील पाणी टरफलातून उडून जाते हे ओळखले आणि टरफलावर वार्निशचा लेप देऊन पाहिला. अंडी दीर्घकाळ टिकली. मग वार्निशपेक्षा सोपी व स्वस्त वस्तू म्हणून त्यांनी चरबीचा लेप सुचविला. कोंबड्यांच्या संगोपनावरील त्यांचा ग्रंथ १७४९ साली निघाला. भुसा आणि कोंडा यांनी जे काम अर्धवट केले होते, ते लेपाने पुरे होऊ लागले.

१७९१ साली इंग्लंडमधील शेफील्ड गावच्या जेन नावाच्या गृहस्थाने अंडी टिकविण्याच्या द्रावणाचे पेटंट घेतले. एक बुशेल कळीचा चुना, दोन पौंड मीठ आणि अर्धा पौंड टार्टर, म्हणजे द्राक्षाच्या दारूच्या पिंपात साचणारा आंबट क्षार, हे सर्व पाण्यात मिसळायचे. पाणी किती घालायचे? त्यात सोडलेल्या अंड्याचा माथा पृष्ठभागाच्या किंचित वर दिसेल इतके. वारोने अंडे पारखण्यासाठी पाणी वापरले. जेनने पाणी पारखण्यासाठी अंडे वापरले! या द्रावणात अंडी दोन वर्षे टिकतात असा त्याचा दावा होता.

घरोघरी याची साधी आवृत्ती रूढ झाली. चुना पाण्यात विरवून निवळू द्यायचा, वरची निवळी दगडी बरणीत ओतायची आणि ताजी, न धुतलेली, न तडकलेली अंडी त्यात बुडवून ठेवायची. निवळीतील चुना व अंड्यातून बाहेर येणारा कार्बन डायऑक्साइड यांचा संयोग होऊन छिद्रांच्या तोंडाशीच खडूसारखा पदार्थ तयार होतो. अंड्याचा श्वासच जणू आपल्या दाराला कुलूप लावतो. शिवाय चुन्याच्या क्षारयुक्त पाण्यात जंतूंची वाढ होत नाही. दोष एवढाच की टरफल खरखरीत होते आणि चवीला चुन्याची किंचित झाक येते.

हा दोष पुढच्या पद्धतीत नव्हता. जर्मन रसायनशास्त्रज्ञ योहान नेपोमुक फॉन फुक्स यांनी १८१८ साली वॉटर ग्लास, म्हणजे पाण्यात विरघळणारी काच किंवा सोडियम सिलिकेट, तयार केली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून ती अंड्यांसाठी वापरली जाऊ लागली. उकळून थंड केलेले नऊ भाग पाणी आणि एक भाग वॉटर ग्लास हे प्रमाण. एप्रिल-मे महिन्यात भरलेली बरणी थंड जागी ठेवली की नाताळपर्यंत अंडी मिळत. दोन्ही महायुद्धांच्या काळात इंग्लंड व अमेरिकेतील असंख्य घरांत ही बरणी होती. अशी अंडी उकडताना मात्र सुईने टरफलाला आधी भोक पाडावे लागे. छिद्रे बंद झालेली असल्याने आतील हवेला वाट मिळत नसे आणि अंडे फुटत असे.

पारख का फसली?

आता कोलुमेलाच्या इशाऱ्याची दुसरी बाजू पाहा. मिठात ठेवलेले अंडे गिऱ्हाइकाला ओळखू येत होते. परंतु छिद्रेच बंद केली की पाणी उडत नाही, हवेची पोकळी वाढत नाही आणि आठ महिन्यांचे अंडेही पाण्यात तळाशी जाऊन आडवे पडते. म्हणजे टिकविण्याची विद्या जितकी परिपूर्ण झाली, तितकी पारखण्याची जुनी विद्या निकामी झाली. चुन्यातली अंडी ताजी म्हणून खपविण्याचा मोह व्यापाऱ्यांना झाला नसता तरच नवल. शीतगृहे आल्यावर हा प्रश्न अधिक तीव्र झाला. १९१० च्या आसपास अमेरिकेत शीतगृहातील अंड्यांवरून मोठा वाद माजला आणि अनेक राज्यांनी अशा मालावर तशी खूण असलीच पाहिजे असे कायदे केले.

गिऱ्हाइकाच्या बाजूनेही परीक्षा सुधारत गेली. अंधाऱ्या खोलीत मेणबत्तीसमोर अंडे धरून हवेची पोकळी, बलकाची सावली व रक्ताचे डाग पाहण्याची पद्धत बाजारात रुळली. पुढे मेणबत्तीची जागा विजेच्या दिव्याने घेतली. युरोपात ‘अ’ प्रतीच्या अंड्यातील पोकळीची उंची सहा मिलिमीटरपेक्षा अधिक असता कामा नये असा नियम आहे. १९३७ साली अमेरिकेत रेमंड हॉ यांनी सपाट काचेवर फोडलेल्या अंड्याच्या घट्ट पांढऱ्याची उंची व अंड्याचे वजन यांवरून ताजेपणाचे माप ठरविले. ते ‘हॉ एकक’ आजही वापरात आहे. २००४ पासून युरोपीय संघात बाजारात येणाऱ्या अंड्यावर उगमाचा संकेतांक छापणे बंधनकारक झाले. जे टरफलाच्या आत दिसत नाही, ते टरफलावर लिहिण्याची पाळी आली.

तरीही एक गोष्ट या कोणत्याही परीक्षेत सापडत नाही. पाण्यातली परीक्षा अंड्याचे वय सांगते, निर्दोषता सांगत नाही. साल्मोनेला जातीचे काही जंतू कोंबडीच्या शरीरातूनच, टरफल तयार होण्यापूर्वी, अंड्यात शिरतात. असे अंडे ताजे असते, बुडते, दिसायलाही निर्मळ असते. १९८८ साली ब्रिटनमध्ये यावरून एवढे वादळ उठले की आरोग्य खात्याच्या उपमंत्री एडविना करी यांना राजीनामा द्यावा लागला.

आपल्या घरासाठी

आपल्याकडील हवा युरोपच्या तळघराची नाही. सुमारे २० अंश सेल्सियसच्या वर फलित अंड्यातील बीज हळूहळू वाढू लागते. म्हणून घरच्या कोंबडीचे अंडे चैत्र-वैशाखात बाहेर ठेवले तर लवकर बिघडते. आपल्या देशातील कुक्कुटपालनाच्या पाठ्यपुस्तकांत चुन्याची निवळी व तेलाचा लेप या पद्धती आजही शिकविल्या जातात. परंतु त्या स्वच्छ, न धुतलेल्या व ताज्या अंड्यांसाठी आहेत, हे विसरून चालणार नाही. दुकानातून आणलेली, कदाचित धुतलेली अंडी निवळीत भरून ठेवणे धोक्याचे आहे. ज्यांच्या घरी फ्रीज आहे त्यांना तशी गरजही नाही.

संत लूकच्या शुभवर्तमानात प्रभू येशू आपल्या श्रोत्यांना विचारतो की मुलाने अंडे मागितले असता कोणता बाप त्याच्या हाती विंचू ठेवील? या दृष्टान्ताचे मर्म, अंड्याचा इतिहास वाचला म्हणजे, थोडे अधिक उमगते. मुलाला अंड्याची पारख नसते. देणाऱ्याच्या हातावर त्याचा सारा भरवसा असतो. वारोपासून हॉपर्यंत माणसाने पारखण्याच्या नाना युक्त्या शोधल्या, तरी देणारा आणि घेणारा यांच्यातला तो भरवसा एकाही युक्तीने अनावश्यक ठरविला नाही.

राहता राहिली आपल्या माता-भगिनींची एक जुनी सवय. पोळा करावयाचा असो की केक, प्रत्येक अंडे आधी निराळ्या वाटीत फोडायचे, बलक उंच आणि पांढरे घट्ट आहे ना हे पाहायचे, वास घ्यायचा आणि मगच ते मोठ्या भांड्यात ओतायचे. एका नासक्या अंड्यापायी बाकीची पाच फुकट जाऊ नयेत यासाठीची ही खबरदारी आहे. तिला पैसा लागत नाही, यंत्र लागत नाही. ही सवय आपल्या मुलींना आणि मुलांनाही अवश्य लावावी आणि अंडे पूर्ण शिजवूनच खावे.